आधी कुंड्या तपासा, मग मांजराला बोला

(एका वाचक भगिनीचं पत्र. नाव गाळलं आहे, मजकूर थोडक्यात दिला आहे.)

ताई, आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून झाडं हाच त्यांचा उद्योग. हॉल, गॅलरी, खिडकीचं ग्रिल मिळून चाळीसेक कुंड्या आहेत. मागच्या पावसाळ्यात मुलाने पार्किंगमधून मांजराचं पिल्लू वर आणलं. ती चिंगी आता नऊ-दहा महिन्यांची झाली. मनीप्लांटची पानं कुरतडते, अरेका पामच्या तर नुसत्या काड्या उरल्यात. माती उकरून हॉलभर सांडते. गेल्या आठवड्यात तिने तुळशीच्या कुंडीत घाण केली आणि घरात महाभारत घडलं. अण्णा म्हणाले, "या घरात झाडं तरी राहतील, नाहीतर हे मांजर तरी." नवरा म्हणतो, मच्छी मार्केटजवळ सोडून येऊ, तिथे तिचं पोट भरेल. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. शेजारच्या काकूंनी कुंड्यांत डांबरगोळ्या ठेवायला आणि गॅलरी फिनाइलने पुसायला सांगितलंय. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे चिंगीला दूध-पोळी आणि कधीतरी पनीर देतो. तिच्यासाठी वाळूचा टब बाथरूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी ठेवलाय, दिवसाआड साफ करते. तरी ती मुद्दाम कुंडीतच जाते. मांजरापासून झाडं वाचवायची कशी? आणि नाहीच जमलं तर मी कुणाची बाजू घ्यायची? सोबत कुंड्यांची यादी पाठवते आहे.

*

यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. पत्र वाचून मी भलतीकडूनच सुरुवात करणार होते, पण यादीत 'सायकस, हॉलचा कोपरा, पांढरी कुंडी' असं वाचलं आणि आधी हेच लिहायला बसले. ती कुंडी आजच्या आज घराबाहेर काढा. दिसायला छोट्या पामसारखं असणारं हे झाड मांजराच्या यकृताचा घात करतं. त्याच्या प्रत्येक भागात विष असतं, बियांमध्ये तर सगळ्यात जास्त. चिंगीने अरेकाच्या काड्या केल्यात म्हणता, म्हणजे लांबट, चिरलेल्या पानांची तिला आवड दिसते. सायकसची पानंही तशीच असतात. ती कडक आणि टोचरी आहेत म्हणूनच बहुधा ती अजून त्याच्या वाटेला गेलेली नाही. ज्यांच्याकडे मांजर नाही, कुत्रं नाही आणि रांगतं मूलही नाही अशा कुणाला ते झाड देऊन टाका. खाली सोसायटीच्या बागेत ठेवू नका, तिथे इतरांची चिंगी असतेच.

तुम्ही विचारलंत, मांजरापासून झाडं कशी वाचवायची. तो प्रश्न खराच आहे, त्याचं उत्तर देतेच. पण घरात मांजर आणि चाळीस कुंड्या एकत्र आल्या की काही कुंड्यांच्या बाबतीत धोका उलट्या बाजूने असतो, आणि तुमच्या घरात इतक्या बोलाचालीत हे कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही. मी काही पशुवैद्य नाही. पण झाडं आणि मांजरं दोन्ही घरात असणाऱ्यांना जेवढं ठाऊक असायलाच हवं तेवढं सांगते.

तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा गट अळूच्या भाऊबंदांचा आहे. मनीप्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, अग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड प्लांट, सगळे एकाच कुळातले. अळू कच्चं राहिलं की घशाला खाज का सुटते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून तर फदफद्याला आपण चिंच लावतो. तेच स्फटिक या झाडांच्या पानांत आहेत. मांजराने पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, पंजाने तोंड घासत बसतं, कधी उलटी होते. डिफेनबेकियाचा त्रास यात जास्त. बहुतेक वेळा आग होते म्हणून मांजर पहिल्या घासालाच थांबतं आणि त्यामुळे प्राणावर बेतत नाही. तोंड, जीभ सुजली आणि गिळता येईना, तर मात्र डॉक्टर गाठायचा. चिंगी मनीप्लांटची पानं कुरतडून टाकते की गिळते, हे जरा लक्ष ठेवून बघा.

स्नेक प्लांट आणि लकी बांबू पोट बिघडवतात. कोरफडीचा गर आपण चेहऱ्याला लावतो म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण तिच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाने मांजराला उलट्या-जुलाब होतात. पानफुटीकडे लक्ष द्या. आजीच्या बटव्यातलं झाड म्हणून तिच्यावर कुणी संशय घेत नाही, पण तिच्यातली द्रव्यं हृदयावर परिणाम करतात. कण्हेर आणि अडेनियम यांचंही तेच. हे सगळं ग्रिलमध्ये, चिंगी पोचणार नाही अशा बाजूला जाऊ दे. अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलथिया, पेपरोमिया, हावर्थिया यांच्यापासून मांजराला धोका नाही. यांना मांजरापासून आहे, तो भाग वेगळा.

एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, पण ती कधीही घरात येऊ शकते. वाढदिवसाच्या किंवा निरोपसमारंभाच्या गुच्छात मोठ्या, वासाच्या लिली असतात ना, गुलाबी-पांढऱ्या, केशरी परागकणांच्या, त्या मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतात. पान, पाकळी, पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. नुसते पराग अंगावर सांडले आणि मांजराने अंग चाटून साफ केलं तरी पुरे. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि पहिल्या अठरा तासांच्या आत उपचार सुरू झाले तरच चांगली आशा असते. 'अजून तर ठीक दिसतंय, उद्या बघू' हे लिलीच्या बाबतीत चालत नाही. डे लिलीही तितकीच वाईट. पीस लिली मात्र नुसती नावाचीच लिली, ती वर सांगितलेल्या अळूच्या गटातली. आणि गौरींच्या दिवसांत पूजेच्या फुलांत कळलावी, म्हणजे अग्निशिखा आली, तर ती मांजराच्याच काय, माणसाच्या पोरांच्याही हाती लागू देऊ नका. तिच्यात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं.

आता काकूंच्या सल्ल्याबद्दल. काकूंचा हेतू चांगला आहे, पण डांबरगोळ्या नकोत. त्यातलं नॅप्थलीन मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं. फिनाइलही नको. माणसाचं यकृत जी रसायनं सहज निकालात काढतं, त्यातली बरीचशी मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि फिनॉलच्या जातीची द्रव्यं त्यात येतात. फरशी पुसली, त्यावरून मांजर चाललं, मग बसून पंजे चाटले, झालं. याच कारणाने क्रोसिनची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कापूर, निलगिरी तेल, कॉफीची भुकटी, मिरपूड, असले घरगुती उपाय सुचवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील, तेही नकोत. संत्र्याच्या सालींचा वास मांजरांना आवडत नाही हे खरं, पण चार दिवसांत साली वाळतात, वास उडतो आणि मांजर सालींवरच ताणून देतं. शिवाय या सगळ्या उपायांनी काय होतं, तर मांजराला 'इथे नको' एवढंच कळतं. मग कुठे, ते कुणी सांगत नाही.

तुम्ही लिहिता, ती 'मुद्दाम' कुंडीत जाते. चिंगीच्या बाजूने बघू या. तिचा टब बाथरूममध्ये आहे, जिथली फरशी ओली असते. शेजारी मशीन आहे, जे स्पिनला आलं की अख्खं थडथडतं. टब साफ होतो दिवसाआड. मांजरांचं नाक किती तिखट असतं हे वेगळं सांगायला नको. दुसरीकडे गॅलरीत मोकळ्या हवेत एक कुंडी आहे. तिची माती अण्णा रोज सकाळी खुरप्याने हलवून भुसभुशीत करत असणार, काडीकचरा काढत असणार. घरातली सगळ्यात स्वच्छ, मऊ आणि निवांत माती तुळशीची आहे आणि चिंगीने ती बरोब्बर हेरली. यात तिचा कुणावर राग नाही. मांजराला बदला घेता येत नाही, तिला फक्त जागा निवडता येते.

म्हणून पहिलं काम टबाचं. बाथरूममधून तो हलवा. गॅलरीचा एखादा कोपरा किंवा पॅसेजचं टोक, जिथे वर्दळ कमी आहे आणि जिथून येणारं-जाणारं तिला दिसेल अशी जागा बघा. तिच्या खाण्याच्या जागेपासून लांब. टब तिच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. बाजारात मिळणारे ट्रे महाग आणि लहान असतात, त्यापेक्षा भांड्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा पसरट टब बरा. एका मांजराला दोन टब असावेत असं जाणकार सांगतात आणि जागा असेल तर खरंच दोन ठेवा. वाळू दोन-तीन इंच. ती तिला आवडत नसेल, आणि आवडत नाहीच असं दिसतंय, तर सुरुवातीला वर कुंडीतल्या कोरड्या मातीचा थर द्या आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत जा. घाण रोज काढायची, शक्यतो दोनदा. जुना झारा या कामाला उत्तम. त्याच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, नाहीतर दिवाळीत चकल्या तळताना कुणीतरी तोच शोधून काढेल.

रोज साफ करण्याला आणखी एक कारण आहे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो. तो बाहेर पडल्या पडल्या बाधत नाही, त्याला बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज काढलं तर तो धोका जवळजवळ संपतो. कुंडीत मात्र विष्ठा मातीखाली पुरलेली राहते आणि अण्णा उघड्या हातांनी माती कालवतात. त्यांना हातमोजे आणून द्या, आणि तुळशीच्या कुंडीतली वरची माती बदला. तुमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांत कुणी गरोदर असेल तर टबाचं आणि मातीचं काम तिच्याकडे जाऊ देऊ नका.

चिंगी टबात किंवा कुंडीत सारखी सारखी जाऊन बसत असेल, जोर करत असेल किंवा थेंब थेंबच होत असेल, तर तो सवयीचा भाग नव्हे. सरळ डॉक्टरकडे न्या.

तुळशीचं सांगते. तुळस उंचावर, भिंतीत पक्क्या बसवलेल्या कट्ट्यावर न्या आणि मातीवर जाळी अंथरा. स्टीलची बारीक जाळी गोल कापायची, मध्ये खोडापुरती फट ठेवायची. पाणी जातं, पंजा जात नाही. बाकी मोठ्या कुंड्यांत गोटे पसरा. गोटे मुठीएवढे घ्या, कारण नर्सरीत मिळणारे छोटे पांढरे खडे म्हणजे चिंगीच्या दृष्टीने नवी, जास्त चांगली वाळू. नारळाच्या करवंट्या उपड्या घातल्या तरी चालतात, फुकट असतात आणि दिसतातही बऱ्या. माती अशी झाकली की लवकर वाळत नाही, हे अण्णांना आधीच सांगा. पावसाळ्यात त्यांच्या नेहमीच्या हिशोबाने पाणी गेलं तर मुळं कुजतील आणि तेही चिंगीच्याच नावावर जाईल.

अण्णा खतं कोणती घालतात तेही विचारा. हाडांचा चुरा घालत असतील तर मांजर माती उकरणारच, तिला वास येतो. एरंडीची पेंड असेल तर ती घरातून हलवा. तेल काढून उरलेल्या पेंडीत रिसिन हे विष राहू शकतं, आणि सेंद्रिय म्हणून बागवाले ती निर्धास्तपणे वापरतात. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड यांवर भागतं. दाणेदार कीटकनाशक कुंडीत घालायचंच असेल तर ती कुंडी घराबाहेर हवी. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी रोज ओतून टाका. मांजरांना वाटीपेक्षा तेच पाणी गोड लागतं आणि त्यात वरून झिरपलेलं सगळं असतं.

आता पानं खाण्याचं. मांजर मांसाहारी प्राणी असूनही गवत का खातं, याचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरवाल्यांना विचारून अभ्यास केला. बहुतेकांचं सांगणं असं की गवत खाण्याआधी मांजर काही आजारी नव्हतं. खाल्ल्यावर काही वेळा उलटी झाली, नेहमी नाही. संशोधकांचा कयास असा की रानातल्या पूर्वजांना आतड्यातले जंत बाहेर काढायला गवताचा उपयोग होत असावा आणि ती खोड घरच्या मांजरात उतरली. म्हणजे ही सवय मोडायला जाण्यात अर्थ नाही. तिला तिचं गवत द्या.

ते करायला अगदी सोपं आहे. घटस्थापनेला रुजवण घालतो, तसंच. मूठभर गहू रात्रभर भिजवा, पसरट कुंडीत दाट पेरा, वर मातीचा पातळ थर द्या, ओल राखा. आठवडा-दहा दिवसांत चार बोटं उंचीचं गवत होतं. सातूही चालतो. बियाण्याच्या दुकानातले रंग लावलेले दाणे नकोत, त्यांना औषध चोळलेलं असतं. आपला डब्यातला खायचा गहू घ्या. दर आठवड्याला एक कुंडी पेरली की एक संपेपर्यंत दुसरी तयार. ही कुंडी तिला जिथे बसायला आवडतं तिथे, तिच्या पंजाच्या उंचीवर ठेवा आणि जड निवडा, कारण ओढून खाण्याची तिची पद्धत असते. गवती चहा मात्र तिच्यासाठी लावू नका. मांजरं त्याच्यावर तुटून पडतात, पण त्यातल्या तेलाने पोट बिघडतं.

ही पेरणी मुलाकडे सोपवण्याचा मोह होईल. माझं ऐका, अण्णांकडे सोपवा. चाळीस कुंड्या सांभाळणाऱ्या माणसाला एक्केचाळिसावी जड नाही, आणि ती चिंगीची असेल. मुलाकडे टब द्या. पिल्लू त्याने आणलंय.

दूध-पोळीवर मला थोडं कठोर बोलावं लागेल. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य आहारातून मिळावंच लागतं, आणि निसर्गात ते मुख्यतः मांस-मासळीतूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. डोळेही जाऊ शकतात. गाईम्हशीचं दूध मोठ्या मांजरांना बहुधा पचत नाही, जुलाब होतात. तुमच्या स्वयंपाकघरात अंडं-मासळी शिजवायची नसेल तर नका शिजवू, तुमचा नेम तुम्ही पाळा. मांजरांसाठीचं कोरडं खाद्य मिळतं, त्यात टॉरिन घातलेलं असतं, ते गॅलरीत वेगळ्या वाटीत ठेवा. पुष्कळ शाकाहारी घरांनी हाच तोडगा काढलाय. अण्णांची यालाही ना असेल तर मात्र प्रामाणिकपणे विचार करायला हवा की हे घर मांजराला योग्य आहे का. तो प्रश्न झाडांच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

कुंड्या पाडण्याचं, पानांशी झोंबण्याचं कारण पुष्कळदा कंटाळा असतो. दहा महिन्यांचं मांजर म्हणजे शाळकरी पोर. दिवसातून दोनदा, जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला दोरी आणि दोरीला कागदाचा बोळा बांधून तिला पळवा. मग खायला द्या. शिकार, जेवण, झोप हा तिचा क्रम आहे. दोरी नंतर उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते. खिडकीशी तिला बसायला एक फळी द्या, म्हणजे ती कुंड्यांच्या रांगेत जागा करायला जाणार नाही. ग्रिलच्या गजांतून दहा महिन्यांचं मांजर सहज निसटतं, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात. कबुतरांची जाळी बसवणाऱ्याला बोलवा, झाडं आणि चिंगी दोघांचं काम होईल. ती नुसती झटापट करते म्हणून मारणं, नाक मातीत घासणं, तोंडावर पाणी फवारणं, यातलं काही करू नका. ती एवढंच शिकते की तुम्ही घरात नसताना हे करावं.

नाजूक आणि विषारी, दोन्ही प्रकारची झाडं तिच्यापासून दूर ठेवायला बंद जागा सगळ्यात भरवशाची. हॉलमध्ये काचेच्या दारांची शोकेस आहे का? असतेच बहुतेक घरांत, कपबशा आणि बक्षिसांच्या बाहुल्यांनी भरलेली. तिचे दोन कप्पे रिकामे करून वर एलईडीची पट्टी लावली तर डिफेनबेकिया नाही मावणार, पण छोटी अग्लोनिमा, सिंगोनियम छान राहतात. कपाटावर ठेवून भागेल असं समजू नका, पाच फूट उडी म्हणजे मांजराला काहीच नाही. मनीप्लांट छतापासून टांगता येईल. हूक मात्र स्लॅबमध्ये पक्का ठोकून घ्या आणि वेल खाली लोंबू देऊ नका, हलणारं टोक दिसलं की चिंगी त्याला लटकणार. शिंकं तुटलं की बोक्याचं साधतं, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय.

आता बाजू कुणाची घ्यायची. मला वाटतं अण्णांनी तुम्हाला निवड करायला सांगितलेलं नाही. तुळशीवर ते झालं त्या रागात माणूस जे बोलतो ते ते बोलले. चाळीस कुंड्या त्यांनी कुणालाही न विचारता वाढवल्या आणि मांजर त्यांना न विचारता आलं, हे दोन्ही खरं आहे. त्यांच्याशी बोलताना 'तुमची झाडं विषारी आहेत' असं म्हणू नका, ते उठून जातील. यादी पुढे ठेवा आणि विचारा, "अण्णा, यातली कोणती गेली तर तुम्हाला खरंच लागेल?" चाळीसच्या चाळीस सांगणार नाहीत. पाच-सात सांगतील. ती आधी सुरक्षित करा, जाळी, शोकेस, ग्रिल, जे काय लागेल ते त्यांच्यावर खर्च करा. उरलेल्यांत थोडं कुरतडणं होईल ते सोसायचं. अरेकाच्या काड्या झाल्या तरी त्याला मुळापासून नवे फुटवे येतात, हे अण्णांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुमच्या मिस्टरांना सांगा, मच्छी मार्केट हा पर्याय नाही. घरात वाढलेल्या मांजराला तिथली कुत्री, गाड्या आणि तिथली जुनी मांजरं ठाऊक नसतात. तिथे मासे आहेत, पण ते तिच्यासाठी नाहीत. शिवाय प्राणी उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

चिंगीची नसबंदी झाली नसेल तर आता करून घ्या, वय झालंय. माजावर आलेली मांजर रात्रभर ओरडते, आणि मग अण्णांचं मत बदलणं कुणालाच जमणार नाही. त्याच भेटीत डॉक्टरांचा रात्रीचा नंबर घेऊन फ्रिजवर लावा. काही खाल्ल्याचा संशय आला तर झाडाची फांदी किंवा फोटो सोबत न्या. मीठ-पाणी पाजून घरी उलटी काढायला जाऊ नका, मिठानेच जास्त नुकसान होतं. मुंबईच्या बाजूला असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. पण डोंबिवलीहून परळ संध्याकाळच्या गर्दीत किती लांब आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, म्हणून जवळचा डॉक्टर आधी शोधून ठेवा.

हे सगळं लावून दोन महिने बघा. टब हलवला, गहू उगवला, खाणं बदललं की बहुतेक घरांत एवढ्या काळात फरक पडतो. नाहीच पडला, आणि घरातलं कुणीतरी रोज धुमसत राहणार असेल, तर चिंगीला दुसरं घर बघणं यात काही पाप नाही. फक्त ते घर तुम्ही जाऊन बघितलेलं असावं, खिडक्यांना जाळी असावी, आणि तिची नसबंदी व लसी तुम्ही करून द्याव्यात. घर ठरलं की मुलालाही एकदा तिथे घेऊन जा, आणि तिला द्यायला जाल तेव्हा तिच्या टबातली थोडी वाळू पिशवीत घालून सोबत द्या. नव्या टबात ती पहिल्याच दिवशी जाईल, तिथल्या कुंड्यांत जाणार नाही.